किमान

पेटीचं दार उत्तरेकडे उघडतं,
उघडताना ऊन आत शिरू नये म्हणून.
पांढरा रंग, तिरप्या पट्ट्या, माझ्या छातीइतकी उंची.
खाली गवत असावं असं नियमावलीत आहे.
गवत मी सहा वर्षांत पाहिलेलं नाही.

तापमान सावलीचं मोजतात.
बगदादमध्ये हे मी कुठे कुठे सांगितलं असेल:
टॅक्सीत, रेशनच्या रांगेत, चुलतबहिणीच्या साखरपुड्यात.
"म्हणजे आम्ही उन्हात उभे असतो ते धरत नाही?"
नाही धरत.
"मग कुणाचं धरता?"

दुपारी तीन. पारा एकोणपन्नास पूर्णांक आठ.
फोन वाजतो. वार्ताहर आहे, कोवळा आवाज.
"पन्नास झाले?"
नाही.
तो असा उसासा टाकतो
जणू वर्गातली हुशार मुलगी दोन गुणांनी नापास झाली.

गल्लीतला जनरेटरवाला जब्बार छातीठोक सांगतो
की पन्नास लिहिलं तर अख्ख्या शहराला सुट्टी द्यावी लागते,
म्हणून सित्त निब्रासचा हात
वरून कुणीतरी धरून ठेवतं.
अरे, धरला असता
तर घामानं केव्हाच निसटला असता.

जुन्या वह्यांत उस्ताद याकूबचं अक्षर आहे.
आमच्या आकड्यांत सात आणि आठ एकमेकांचे उलटे;
वही उलटी धरली की उन्हाळा बदलतो.
म्हणून ते प्रत्येक पानाच्या डोक्यावर
एक बारीकसा बाण काढायचे: वर.
एका वर्षी सलग बावीस दिवस
नुसत्या आडव्या रेघा.
रस्त्यावर रणगाडे होते, पेटीपर्यंत कुणाला जाता आलं नाही.
विक्रमांच्या यादीत ते दिवस नाहीत.
माझी आई मात्र शपथेवर सांगते
की त्याच दिवसांत तिनं छतावरच्या टाकीचं पाणी
तसंच्या तसं किटलीत घेतलं
आणि चहा केला.

मी हसायचे.

परवा पहाटे पाचला पेटी उघडली.
किमान तापमापकात मद्यार्क असतो, त्यात एक काळी काडी.
रात्र जिथवर उतरते तिथवर ती मागे सरते
आणि तिथेच राहते,
कुणी येऊन बघेपर्यंत.
चौतीस पूर्णांक नऊ.
मी चष्मा पुसला. पुन्हा चौतीस पूर्णांक नऊ.
त्रेसष्ट वर्षांच्या वह्या चाळल्या, शेवटच्या तीन संगणकावर.
इतकी वर राहिलेली रात्र कुठेच नव्हती.

फोन वाजला नाही.
रात्रीचं कुणी विचारत नाही.

सातला कळलं, उस्ताद याकूब गेले.
त्यांची बायको सांगत होती,
दोनला पंखा थांबला,
मग ते ओली चादर घेऊन छतावर गेले,
तासाभरानं खाली आले, म्हणाले, वर खाली सारखंच.
एवढंच म्हणाले.

संध्याकाळी जब्बार माझ्या दारात.
हाताला डिझेलचा वास, नजर चपलांवर.
दोनला डिझेल संपलं होतं, हे त्यानं सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
"काल रात्री किती होतं?"
चौतीस पूर्णांक नऊ.
"एवढंच?"
एवढंच.
तो बराच वेळ उभा राहिला,
मी आणखी काहीतरी बोलावं म्हणून.
दूर कुठेतरी दुसऱ्या कुणाचा जनरेटर सुरू झाला.

नियम असा की आकडा लिहिला
की तापमापक तिरपा करायचा,
काडी सरकवून आजच्या तापमानाशी आणून ठेवायची,
म्हणजे ती नवी रात्र मोजायला मोकळी होते.
रोज करते. मनगटाला सवय आहे.

त्या पहाटे मी लिहिलं,
शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला,
पानाच्या डोक्यावर एक बारीकसा बाण काढला,
आणि पेटीचं दार लावताना लक्षात आलं
की काडी अजून तिथेच आहे.

परत गेले नाही लगेच.
ऊन यायला वीस मिनिटं होती.