कौसल्या आरांदा

चिठ्ठीत मी कोन्सुएलो लिहिलं होतं.
माझं अक्षर म्हणजे मुंगळ्यांची पळापळ,
गौस पेंटरला त्यातून जी बाई वाचता आली
ती त्यानं फळ्यावर रंगवली :
कौसल्या आरांदा.
खाली बारीक, स्पेन देशाची थोर नटी.
रविवारी सकाळी नऊ. सभासदांना मोफत.

परभणीत तेव्हा आमच्या फिल्म सोसायटीचे
सभासद एक्केचाळीस,
वर्गणी भरलेले सतरा.
मी खजिनदार, म्हणून नक्की सांगते.

पुण्याहून निघालेल्या पाच डब्यांपैकी
चौथा परस्पर पूर्णेला गेला.
पार्सलबाबूच्या हातापाया पडून आणला
तर झाकणावर चहाच्या ग्लासाचा गोल.

फळ्यामुळं माणसं आली.
कौसल्या म्हटल्यावर बायकाही आल्या.
हुरमतबी आली, गौसची माय,
लेकानं काढलेलं तोंड हलतं कसं ते बघायला.
आमची प्रयागमावशी आली, पौराणिक असेल म्हणून,
पिशवीत उपासाचे शेंगदाण्याचे लाडू.

पिंगळीकर सरांनी माइक धरला :
ही बाई तिकडं काय आहे ते समजून घ्या.
छत्तीस वर्षं भिंतीवर एकाच माणसाची तसबीर,
बोलायचं ते सगळं कापलेलं.
पण कात्री शब्दांना लागते, पाठीला लागत नाही.
लोक हिची पाठ बघायला जायचे.
हिनं मान कोणीकडं वळवली यावरून
घरी येऊन रात्रभर कुजबुजायचे.
मंडईत भाजीवाल्या हिच्यासारखा रुमाल बांधायच्या,
गाठ उजव्या कानामागं,
आणि पोलिसाला त्या गाठीचा गुन्हा लिहिता येईना.

मधेमधे सर भाषांतर सांगत होते.
चौथ्या डब्याला माइक बंद पडला.

पडद्यावर रात्र. स्वयंपाकघर.
टेबलावर दोन पेले.
जिन्यात बूट वाजायला लागले.

तिनं दाराकडं पाहिलं नाही.
एक पेला दुसऱ्यात घातला.
मग वात खाली केली,
इतकी, की उजेड राहावा आणि माणूस दिसू नये.
मग दातांत आकडा धरून
सावकाश केस बांधत बसली,
जणू येणाऱ्यांनीच तिला झोपेतून उठवलंय.

अंधारात मावशी म्हणाली,
"बघ, आदी वात. अशीच करायची असती."
शेजारून हुरमतबी,
"हौ. पैले बत्ती. हमें बी ऐसाच करे थे."

मावशीची रात्र रझाकारांच्या धामधुमीतली, ऐन उन्हाळ्यातली.
हुरमतबीची पोलिस ॲक्शननंतरची,
जिच्याबद्दल आमच्या शाळेच्या पुस्तकात
एक ओळसुद्धा नव्हती.
दोन्ही रात्रींमध्ये चार-सहा महिन्यांचं अंतर.
आधी एकाच आडावर, मग एकाच हापशावर
पस्तीस वर्षं पाणी भरून
दोघींनी एकमेकींना विचारलं नव्हतं.

तेव्हाही विचारलं नाही.
मावशीनं पिशवीत हात घातला, लाडू काढला.
हुरमतबीनं त्यातला अर्धा तोडून घेतला.
पडद्यावर कडी वाजली.
आम्हा सतरा वर्गणीदारांचा श्वास अडकलेला,
या दोघी चावत होत्या.
यांना पुढचं माहीत होतं.

पिंगळीकर सर नंतर म्हणाले, माइकचं भाडं देऊ नका.
मी दिलं. पंचवीस रुपये. पावती अजून आहे.

परवा पेपरात, सोन्याच्या भावाखाली चार ओळी :
आरांदा गेली, त्र्याण्णवाव्या वर्षी.
माद्रिदला रांग सरता सरेना,
बायकांचे रुमाल, गाठ उजव्या कानामागं.
फोटो पाठीचाच छापला होता.

गौसला फोन लावला. ऐकू कमी येतंय त्याला,
दोनदा सांगावं लागलं, कौसल्या गेली.

"कौनसी कौसल्या?"

मी सांगणार, तेवढ्यात पलीकडं
टीव्हीचा आवाज कुणीतरी बारीक केला.

"अम्मीवाली?"