सात चाळीसची बोट

मुहू बेटावर जानेवारीत सकाळ होत नाही,
झाली असं आपण ठरवायचं असतं.
उणे अकरा. अंगणातल्या जुनिपरवर
रात्रीचा बर्फ तसाच.
सात चाळीसची बोट. पलीकडे शाळेतला पियानो,
दहाला पोरं गाणार, त्याआधी तो सुरात यायला हवा.

आणि उकू, वय वर्षं चार,
दोन मोजे, लोकरी विजार, तिच्यावर दुसरी,
टोपी उलटी, असू दे,
उंबऱ्यात उभा राहून कोटाची चेन लावतोय.
"मीच लावणार," म्हणाला,
आणि त्या "मीच"वर असा जोर
की मी दाराच्या चौकटीला टेकले.

चेनीचं टोक खोबणीत बसेना.
एकदा. दोनदा.
पाचव्यांदा मी मोजणं सोडलं.

दवाखान्यातल्या हेल्वेबाई म्हणाल्या होत्या,
तोंड उघडण्याआधी बघायचं,
आपले तळवे जमिनीवर आहेत का.
मी हसले होते. सल्ल्याला काय, पैसे पडत नाहीत.
आज बघितलं.
डावा होता जमिनीवर.
उजवा त्याच्या बुटातून वितळलेल्या बर्फाच्या थारोळ्यात,
मोजा ओलाचिंब,
आणि इतका वेळ मला पत्ता नाही.

"आई, तू थांबलीस का?"
उकूनं वर बघितलं.
"बिघडलीस?"

गुडघ्यांवर बसले तर
त्याची हनुवटी डोळ्यांसमोर आली,
तिच्यावर ती लाल रेघ. कालची.
काल याच वेळी, याच उंबऱ्यात,
"आण इकडे" म्हणत मी चेन खस्सकन वर ओढली,
कातडी चिमटली, तो रडला.
बोट मिळाली.
बोट अगदी वेळेवर मिळाली.

मी हात पुढे केला, नुसतं टोक धरून द्यायला,
तर त्यानं आपला पंजा हनुवटीवर ठेवला,
भांड्यावर झाकण ठेवावं तसा.
ना चिडून, ना रडवेला होऊन.
बाहेर पडताना कान झाकावेत
इतक्या सवयीनं.
एका दिवसात लागते सवय?
मग ती एका दिवसाची नसेल.

मी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले
आणि त्यांच्यावर बसले.

माझं पोट कानांवर चालतं.
दोन तारा जवळजवळ सारख्या झाल्या
की त्यांच्यामध्ये एक थरथर उरते.
खुंटी केसभर फिरवायची, थांबायचं,
थरथर लांबत जाते, मग निवते.
ओढाताण केली तर तार तुटते
आणि तोंडावर येते.
परक्यांच्या दिवाणखान्यांत मी हे
अठरा वर्षं न चुकता पाळलंय.

उकूची जीभ बाहेर, ओठांच्या कडेला.
खट्.
बसलं.
एक दात वर, मग एक, मग जरा विश्रांती.
बंदरावरून भोंगा आला, दोघांनीही ऐकला.
"गेली," तो म्हणाला.
"गेली," मी म्हणाले.
चेन तेव्हा पोटापाशी होती.

शाळेत फोन केला.
मुलाला ताप आहे, असं सांगणार होते,
तोंडातून निघालं, चेन लावत होतो.
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग "बरं" म्हणाल्या बाई.

मी शहाणी झाले, असं समजू नका.
गाडीत त्यानं राईच्या पावाचा चुरा केला
आणि मी ओरडले. चांगली मोठ्यानं ओरडले.
तळवे-बिळवे काही आठवलं नाही.
तो खिडकीकडे तोंड करून बसला,
मी स्टिअरिंगकडे.
काचेवर वाफ धरली.
बऱ्याच वेळानं मी "चुकलं माझं" म्हणाले,
त्यानं ऐकलं की नाही, कळलं नाही.

धक्क्यावर आमची गाडी रांगेत पहिली.
समुद्र अजून काळाच, पलीकडे दोन-तीन दिवे.
"गरम होतंय," उकू म्हणाला,
आणि ट्रर्र करून,
एका दमात,
गळ्यापासून खालपर्यंत
चेन उघडून टाकली.

मी त्याच्याकडे बघितलं.
त्यानं माझ्याकडे.
"आता परत लावायची," म्हणाला.

पुढच्या बोटीला पन्नास मिनिटं होती.