हाऊजी, कुडतरी

प्रश्न पाच ओळींचा होता:
एक तक्ता, घराघरात एक आकडा, कुठलाही दोनदा नाही.
शिवाय एक यादी,
आकडे ज्या क्रमाने पुकारले जातील त्याची.
कितव्या पुकाऱ्याला पहिली अख्खी ओळ किंवा रकाना भरेल?

फर्मागुडीच्या हॉस्टेलात मी तो रात्री दोनपर्यंत सोडवला,
म्हणजे सोडवला नाही.
दर आकड्यासाठी पहिल्या घरापासून शोधत निघाले,
देवळाबाहेर चप्पल शोधावी तशी.
छोट्या तक्त्यांना चाललं.
लाखभर घरांवर पडद्याने सांगितलं: वेळ संपली.

शनिवारी ज्युलियाना मला कुडतरीला घेऊन गेली,
त्यांच्या वाड्यावरच्या कपेलाचं फेस्त.
मंडपात माइकवर आग्नेल,
आणि तिची आई एर्मेलिन, मांडीवर पुठ्ठा,
पुठ्ठ्यावर सहा तिकिटं, एक ते नव्वद, प्रत्येकाला एकच घर.
आग्नेल ‘सत्तेचा–’ म्हणेपर्यंत
तिचा चिंचोका बसलेला असायचा.

शोधता कसं, मी विचारलं.
‘सोदूंक कित्याक? पयलींच वाचून दवरतां.’
खेळाआधी एकदाच सगळ्यावरून बोट फिरवायचं.
मग आकडाच सांगतो, तो कुठे राहतो.

भज्यांच्या तेलकट कागदावर मी लिहिलं:
हॅशमॅप. आकड्यापुढे त्याची ओळ, त्याचा रकाना.
प्रत्येक ओळीत किती उरले, रकान्यात किती उरले.
पुकारा झाला की दोन्हीकडून एकेक वजा,
शून्य आलं की थांब.
एवढंच होतं.

शेवटची दोन तिकिटं काएतानची.
तो बोटीवर. सध्या कुठल्या समुद्रात, तिलाही नक्की ठाऊक नाही.
त्याचे चिंचोके वेगळे, फोडलेले, पांढरी बाजू वर.

त्र्याहत्तरला त्याची मधली ओळ भरली.
मी पाहिलं. तिनेही.
ओरडायचं त्याच्या तिकिटावर त्यानेच,
असा काही जुना करार असावा,
कारण ती बोलली नाही,
बोट चिंचोक्यावर तसंच.
आग्नेलने पुढचा काढला, सोळा,
आणि मागून कुणीतरी किंचाळलं.
प्रेशर कुकर गेला.

हॉस्टेलात कोड चालवला. सगळ्या चाचण्या हिरव्या.
मग एक तक्ता मी हाताने भरला,
एर्मेलिनचा पुठ्ठा आठवेल तसा,
आग्नेलचे आकडे आठवतील तसे.
कोड त्र्याहत्तरवर थांबला.
त्याला कुणाच्या ओरडण्याची वाट पाहायची नव्हती.

ज्युलियानाला हे सांगितलं नाही.
कुकर त्यांच्याकडे आहेच, ती म्हणाली असती.