पाळण्यातलं नाव

सविन्या नदीच्या खोऱ्यात, झालेत्सच्या वेशीवर
हॉपची नवी वाणं निपजतात तिथे
मी नोंदवही लिहिते.

आठ हजार बिया रुजल्या त्या वर्षी.
भुरीनं निम्मी रोपं नेली.
फुलोऱ्यात नर कळले, ते आम्ही उपटले,
चारच ठेवले, नदीपलीकडे,
जिथून वारा सहसा इकडे येत नाही.

उरलेल्यांना नावं नाहीत. आकडे.
बारसं व्हायचंच तर दहा वर्षांनी,
आणि ते बहुतेकींचं होत नाही.

११८/३७ मेमध्ये दोरीला लागली,
खांबाला उजवी घालत घालत
सेंट जॉनच्या दिवसापर्यंत सात मीटर वर.
ऑगस्टात इग्नाकनं तिचं बोंड तळहातावर चुरडलं,
पिवळी राळ बोटांना चिकटली,
नाक खुपसून तो बराच वेळ तसाच.
एरवी फटकन सांगतो: ओली घोंगडी. रॉकेल. कांदा.
या खेपेला म्हणाला, "लिही काहीतरी."

मी लिहिलं: संत्र्याची साल, गवत, किंचित मिरी.
ते बरोबर नव्हतं.

आमच्या खोऱ्याची जुनी वेल गोल्डिंग.
केंटहून आली तेव्हा चिठ्ठीवर तसंच होतं.
आम्ही लावली, वाळवली, पोत्यांवर छापली,
तिच्यावर मुलींची लग्नं केली;
मग तपासणीत निघाली फगल.
दोघी केंटच्याच, पण घरं वेगळी.
खोऱ्यात कुणी दचकलं नाही.
पोत्यांवर अजून गोल्डिंगच छापतात.

सहाव्या वर्षी ११८/३७ चं उत्पन्न मोजलं. कमी.
सातव्या वर्षी आणखी कमी.
मी रकान्यात शाईनं "बाद" लिहिलं
तेव्हा दिसलं, समासात पेन्सिलीनं बारीक:
ड्रागिका.
इग्नाकला विचारलं, कोण ही?
"कोणी नाही," म्हणाला, "तोंडात आलं."
आणि कुदळ घेऊन गेला.

संध्याकाळी त्सेल्येच्या बसमध्ये
शेजारच्या बाईंनी माझ्या हातांकडे वळून
दोनदा श्वास घेतला.
"काय छान! कुठली हो?"

आकडा ओठांवर आला. मग ते दुसरं.
"गोल्डिंग," मी म्हणाले.

"तरीच," त्या म्हणाल्या, "मी ओळखलंच होतं."