झाकणाखाली

टागोर नगरात, जिन्याखालच्या माझ्या दुकानात
दोन रुपयांत माणूस दुप्पट होतो.
पाठपोट तीन.
पत्ता पाठीवर असतो, म्हणून पाठ सगळेच काढतात.

ज्ञानदा शिरसेकर आली तेव्हा दुपार होती,
यंत्र तापून करपट वास मारत होतं.
पवईच्या इस्पितळात लागली होती, डायलिसिसला.
सोमवारी हजर व्हायचं. त्याआधी अकरा कागद.
हरत आलेला माणूस पत्ते मांडतो
तसे तिने ते काउंटरवर मांडले.

शाळेच्या दाखल्यावर ती डी-एन-वाय-ए अशी सुरू होते,
बँकेत जी-वाय-ए,
आणि आधारवर कुणाच्या तरी घाईत
मधला एक ए गळालेला.
'ज्ञ'ला इंग्रजीत स्वतःचं घर नाही,
पोर तीन ठिकाणी भाड्याने राहते.

"मावशी, चालेल ना? एवढं बघतं कोण?"

बघतात गं.
लगेच बघत नाहीत, हीच तर गोम आहे.
मी सोळाची होते, सीप्झमध्ये पॅकिंगला.
सुपरवायझर म्हणाला अठरा लिही, मी अठरा लिहिलं.
बॉलपेनचा एक आकडा.
युनिट बंद पडलं, पीएफ काढायला गेले,
तर खिडकीतला माणूस म्हणाला, ह्या बाई वेगळ्या.
वांद्र्याला सात खेपा झाल्या.
माझ्याहून दोन वर्षांनी मोठी ती बाई
अजून माझे पैसे धरून बसली आहे.

हे काही मी तिला सांगितलं नाही.
प्रतिज्ञापत्र कर, नाव एक कर, एवढंच म्हटलं.

अनुभवाच्या रकान्यात पेन्सिलीने
एका बंद पडलेल्या दवाखान्याचं नाव होतं.
"इथे होतीस?"
ती नखाने काउंटरचा सनमायका कुरतडायला लागली.
ती दोन वर्षं ती घरात होती,
आईला उचलून बसवत, पुसत, पुन्हा निजवत.
"असं लिहायचं? आईचं आजारपण?"
"झालं तसंच ना?"
तिने खोडलं. रबर माझाच, जुना,
कागदावर गुलाबी डाग राहिला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला.
गोड आवाज, प्रत्येक वाक्याला मॅडम.
इस्पितळातून बोलतोय. गणवेशाचे अठराशे भरा,
आणि आत्ता आलेला सहा आकडी नंबर तेवढा वाचा.
"चार," ती म्हणाली. "आठ—"
मी झाकण असं आपटलं
की तिच्या हातून फोनच पडला.

नेमणूकपत्रावरचा नंबर लाव म्हटलं, ह्याचा नको.
पलीकडून एक बाई जांभई देत बोलली,
गणवेश आम्हीच देतो, पैसे कोण मागतंय?
त्या कंटाळलेल्या आवाजाने
मला किती बरं वाटलं, काय सांगू.

मग प्रत्येक प्रतीवर, चेहरा सोडून, तिरकं लिहून घेतलं:
फक्त नोकरीच्या कामासाठी. इस्पितळाचं नाव. तारीख. सही.
"घाण दिसतंय, मावशी."
दिसू दे.
उद्या कुणी तुझ्या नावावर फ्रिज घेतला तर
त्याहून घाण दिसेल.

बिघडलेल्या प्रती मी आडव्या फाडते, मग उभ्या.
पूर्वी रद्दीत द्यायचे.
एकदा स्टेशनाबाहेर चणे घेतले, पुडी उलगडली,
आत माझ्याच यंत्राची ती काळी रेघ,
रेघेखाली कुणाचं तरी पॅन कार्ड,
आणि मिठाने भिजलेला एक चेहरा
जो दर महिन्याला माझ्याकडून पेन न्यायचा.
चणे संपवले मी. पुडी अजून गल्ल्यात आहे.

ती गेली. पंखा बंद केला, हिशेब केला.
शटर ओढण्याआधी झाकण उचलून बघते, सवयीने.
काचेवर पालथी ज्ञानदा.
मूळ दाखला.

फोन लावायला गेले, तर नंबरच नाही.
मी मागितलाच नव्हता.

शटर अर्धं वर ठेवून बसले आहे.