सहा किलो

पत्रकात छापलं होतं ‘हट टू हट’,
चष्मा नसल्यामुळे मी पहिल्यांदा वाचलं ‘हट्ट’.
सहा दिवस, पाच हट, दुपारचं जेवण डब्यात.
कंपनीतला निहार फोनवर म्हणाला,
काकू, सहा किलो पाठीवर घेऊन रोज जिने चढा,
तिकडे लिफ्ट नसते.

मग सॅकमध्ये पाच किलो पीठ, एक किलो मसूर,
आणि भांडुपचे आमचे सोळा मजले,
रोज संध्याकाळी साडेसहाला.
चौथ्यावर डिमेलोबाई दार उघडं ठेवायच्या,
स्टुलावर तांब्याभर पाणी.
आठव्यावर कोटकांच्या चपलांचा ढीग,
तिथे भिंत धरायची.
अकराव्याच्या वळणावर सबनिसांचा अद्वैत,
मांडीवर सीएचं पुस्तक, मिटलेलं.
तो पाय आवरून घ्यायचा,
मी म्हणायचे, बस रे, बस.
अडीच महिने आमचं बोलणं एवढंच.
सोळाव्यानंतर गच्चीचं दार, त्याला कुलूप,
किल्ली सेक्रेटरीकडे.
कुलपाला हात लावायचा
आणि लिफ्टने खाली यायचं.

एकदा पिशवी फाटली, कळलंच नाही.
पाचव्यापासून नवव्यापर्यंत माझ्या मागे पांढरी वाट.
रामआसरे झाडू घेऊन वर आला,
मॅडम, बरफ गिरा क्या?

डोंगराचं काय सांगू.
पहिल्या हटमध्ये चौदा जण एका फळीवर,
अंबरनाथचे दातांचे डॉक्टर
रात्रभर आपलेच दात खात होते.
दुसऱ्यात चुलीवर मोजे वाळत घातलेले,
डाळीला त्यांचाच वास.
तिसऱ्या दिवशी उतारावर
(उतारावरच, चढाला काही झालं नाही)
डावा गुडघा म्हणाला, बाई, मी इथेच.
लिफ्ट आठवली.

खेचरवाला येईपर्यंत दोन रात्री
तिसऱ्या हटमध्ये गोदांबरीबरोबर बटाटे सोलले.
तिने काही विचारलं नाही.
माझी सालं जाड निघत होती,
तेवढं एकदा हातातून घेऊन दाखवलं.
सकाळी धुकं सरकलं तेव्हा समोरच्या धारेवर
कंपनीच्या केशरी टोप्या, एकामागे एक.
मोजल्या, तेरा.
चौदावी घालून मी बटाटे धूत होते.
पाणी इतकं गार की बोटं दुसऱ्या कुणाची वाटावीत.

प्रमाणपत्र मात्र आलं, कुरिअरने, जाड कागदाचं:
श्रीमती मृणालिनी टिपणीस, तेरा हजार दोनशे फूट, यशस्वी.
निहार म्हणाला, आधीच छापून घेतो आम्ही, ठेवा की.
ठेवलं.
सोसायटीच्या ग्रुपवर कुणी तरी फोटो टाकला,
डिमेलोबाईंनी केक केला,
कोटकांनी विचारलं, बर्फ केवढा होता हो?
गुडघ्यापर्यंत, म्हटलं.
गुडघ्याचं तेवढं खरं होतं.

गुरुवारी साडेसहाला पायांनीच काढलं बाहेर.
सॅक रिकामी, तरी घेतलेली.
चौथ्यावर स्टूल नव्हतं,
त्यांना वाटलं असेल, आता कशाला.
अकराव्यावर अद्वैतने पाय आवरले नाहीत.
मी खालच्या पायरीवर टेकले,
दम लागला होता, आणि खरं तर नव्हताही.
काकू, वरून काय दिसतं?
ठाऊक नाही रे, म्हटलं.
मी तिसऱ्या हटमधून मागे फिरले.

त्याने पुस्तकाचा कोपरा दुमडला, सरळ केला,
पुन्हा दुमडला.
माझा निकाल जुलैतच लागला, म्हणाला.
घरी सांगितलंय, परीक्षा नोव्हेंबरात आहे.

आमच्या जिन्यातला दिवा
हालचाल थांबली की मिनिटाभरात विझतो,
वीज वाचते.
विझला.
हात नुसता वर केला असता तरी लागला असता.
कुणी केला नाही.