नव्वदच्या खाली

दाभोली नाक्यापासून हॉस्पिटल पावणेदोन किलोमीटर.
सकाळी सात वीसला चोक ओढते,
गाडी खोकते, निघते,
आणि काटा तळाच्या खुणेवरून हलायच्या आत
मी काजूच्या झाडाखाली किल्ली काढून घेतलेली असते.
दिवसभर वेंगुर्ल्याचं रक्त बघते, नळ्यांतून, काचांवरून.
संध्याकाळी तोच रस्ता, उलटा.
नऊ वर्षं.

बस्त्यावने ऑइलचं झाकण फिरवून काढलं, माझ्यासमोर धरलं.
आतून पिवळट पांढरा थर,
नारळाचं दूध फाटावं तसा.
"ह्या काय?"
"पाणी. रोज धरता, रोज थयच रवता.
उडान जावक इंजिन तापाक व्हया, बाय."

मग डिपस्टिक. सवयीने नाकाशी नेली मी.
पेट्रोल.
थंड भिंतींवरून न जळता ओघळलेलं,
तेलात उतरलेलं.
पातळ झालेल्या तेलाखाली
धातू धातूला झिजवत होता,
ऐकू येईल असं काहीच न करता.
चारही प्लग काजळलेले.
आणि मला वाटत होतं गाडी म्हातारी झाली,
मला वाटत होतं पंपावरचा पोरगा माप मारतो.

"हेका थर्मोस्टॅटच नाय.
कोणीतरी भियान काढून टाकल्यान."

कोणीतरी म्हणजे बाबा.
शहाण्णवचा मे, आंबोली घाट,
मागच्या सीटवर मी, आत्या आणि एक फणस.
कुठल्याशा वळणावर बॉनेटमधून वाफ उसळली.
बाबा कठड्यापाशी उभे, हातात रिकामी बाटली,
जाणारा प्रत्येक ट्रक हळू होऊन
त्यांच्याकडे बघून पुढे गेला.
त्या रात्री ते जेवले नाहीत.
दुसऱ्या दिवशी सावंतवाडीत कुणा मेस्त्रीने
तो तुकडा काढून त्यांच्या हातावर ठेवला.
आता जन्मात तापणार नाही, म्हणाला असेल.
खरं बोलला.

बाबा पुन्हा घाट चढले नाहीत.
आवाजही चढवला नाही.
माझं लग्न मोडल्याचं सांगितलं तेव्हा "बरं" म्हणाले
आणि रेडिओचा कान पिळत राहिले,
बातम्या कधीच्या संपल्या होत्या.

लॅबमध्ये आकडा वर गेला
की खाली लाल रेघ, वॉर्डात फोन, धावाधाव.
गाडीतही तापण्यासाठी लाल दिवा आहे.
न तापण्यासाठी
कुणी दिवा बसवलेला नाही.

बस्त्यावने नवा आणला. पितळेचा,
आत मेणाची एवढीशी डबी.
शेजारच्या चहावाल्याच्या उकळत्या टोपात
दोऱ्याला बांधून सोडला.
चहावाला शिव्या देत होता, आम्ही वाकून बघत होतो.
आधी काहीच नाही.
मग माशाचा कल्ला उचलावा तसा उघडला.
"ब्याऐंशीक. तेच्या आदी दार बंद.
बाय, आयतवारी जरा लांब घेवन जा हेका."

मोचेमाडच्या चढणीला काटा उठला.
माझा पाय आपोआप ब्रेककडे गेला,
पाय बाबांचाच.
काटा मधोमध आला
आणि तिथेच थांबला.

शिरोड्याला मिठागरांच्या कडेला थांबले.
इंजिन बंद केलं नाही.
बॉनेटवर तळवा ठेवला, चटका बसला,
मनातल्या कागदावर लिहिलं: नॉर्मल.
मग आत्याला फोन लावला, कितीतरी महिन्यांनी.
घाटातला तो फणस, म्हटलं, कापा होता ना?
"काप्याक काय वास इतको येता? बरको!"
कापा, मी म्हटलं.
"बरको गो! माका सांगतस?"
पंधरा मिनिटं भांडलो आम्ही,
मिठाची पोती भरणारी माणसं वळून बघत होती,
दोघींचाही आवाज चढलेला,
इंजिन चालू.